रत्नागिरी : दोन दिवस, सहकुटुंब

शुक्रवारी जुम्मा आटोपून मुंबईहून रात्रीची कोकण रेल्वे धरली, की शनिवारी सकाळी रत्नागिरी. आधी थिबा राजवाडा पाहा. १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा हा राजा १९१६ मध्ये इथेच वारला. अस्रनंतर मांडवीच्या काळ्या वाळूवर फेरफटका मारा. रविवारी आरे-वारेचा किनारा गाठा. मुलांना पाण्यात सोडण्याआधी भरती-ओहोटीची वेळ तिथल्या मच्छीमारांना जरूर विचारा. ओहोटीचे पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत ओढते. पावसाळ्यात तर समुद्रात उतरूच नका. आणखी एक, घरातल्या बाईला तिथेही स्टोव्ह-डबे सांभाळत बसवू नका. दोन वेळचे जेवण खाणावळीत घ्या. सुट्टी तिचीही आहे.