बांधावरील फुले आणि वेलावरील फळे

काकडी, भोपळा, कलिंगड, खरबूज ही वेलवर्गीय पिके भरभरून फुलतात. परंतु कित्येकदा फळे थोडीच धरतात. कोवळी फळे पिवळी पडून गळतात, तर काही वाकडी वाढतात. हा रोगच होय असे समजून शेतकरी औषध फवारतो. त्या फवाऱ्याने मधमाश्या मरतात आणि गळ अधिकच वाढते. अशा नुकसानीचे मूळ पुष्कळदा रोगात नसून अपुऱ्या परागीभवनात असते, हे शेतकरी बंधूंच्या लक्षात आणून देणे अगत्याचे आहे.

रोग की उणीव?

ह्या वेलांवर नरफुले व मादीफुले बहुधा वेगवेगळी येतात. मादीफुलाच्या तळाशी चिमुकले फळ दिसते. नरफुलास ते नसते. आरंभी नरफुलेच येतात व गळून जातात. त्यात काळजीचे कारण नाही. नरफुलातील पराग जड व चिकट असल्यामुळे तो वाऱ्याने वाहून जात नाही. मधमाशीच्या अंगास लागून तो मादीफुलापर्यंत पोचतो. काकडी-भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत मिटू लागते. तेवढ्या अवधीत मधमाश्यांच्या पुरेशा फेऱ्या झाल्या नाहीत, तर फळ धरत नाही किंवा बी अपुरे धरून फळ वेडेवाकडे वाढते.

ह्याची परीक्षा सोपी आहे. गळलेले फळ चिरून पाहावे. आत अळ्या आढळल्यास तो फळमाशीचा उपद्रव समजावा. अळी नसेल आणि पिकास पाण्याचा ताणही पडला नसेल, तर सकाळी सात ते नऊच्या दरम्यान वेलापाशी उभे राहून मधमाश्या किती येतात ते पाहावे. त्या क्वचितच दिसल्या, तर उणीव कोठे आहे ते सहज कळेल. सूर्यफुलाचे दाणे पोचट राहणे व कांद्याच्या गोंड्यात बी कमी भरणे, ह्यांमागेही अनेकदा हेच कारण असते.

कोणती फुले लावावीत?

पीक फुलते थोडे दिवस. मधमाशीस मात्र बारमाही अन्न हवे. म्हणून बांध, विहिरीचा काठ व अंगण ह्यांत एकामागून एक फुलणारी झाडे असावीत. तुळस व कढीपत्ता प्रत्येक घरी असू शकतात. खरिपात कारळे, रब्बीत मोहरी, कोथिंबीर व बडीशेप ह्यांची एखादी ओळ बांधालगत पेरावी. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा पेरल्यास फुलोरा लांबतो. झेंडू, गलांडा व झिनिया ह्यांच्या एकेरी पाकळ्यांच्या जाती निवडाव्यात; गच्च पाकळ्यांच्या फुलात मधमाशीस मकरंद व पराग सहजी मिळत नाहीत.

बांधावरील शेवगा, पांगारा, काटेसावर व पळस हे वृक्ष राखावेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलणाऱ्या पांगारा, सावर व पळसावर मैना, बुलबुल व शिंजीर हे पक्षी गर्दी करतात. जास्वंदीवर येणारा इवलासा शिंजीर मकरंद पितो, पण पिलांना मुख्यतः किडे व कोळीच भरवतो. लिंबाच्या कुळातील झाडांवर नीलवंत हे फुलपाखरू अंडी घालते. २०१५ साली ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. घाणेरीवरही फुलपाखरे पुष्कळ येतात. परंतु ती झपाट्याने पसरून इतर झाडोरा दडपून टाकते. सबब ती मुद्दाम लावू नये.

फवारणीचा विवेक

फुले लावून त्यांवरच विष फवारणे म्हणजे पाहुण्यास बोलावून दार लावून घेणे होय. पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी टाळावी. अगदी निकड असल्यास मधमाश्यांना कमी घातक असे औषध कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने निवडावे व सूर्यास्तानंतर फवारावे. दोडक्याची फुले मात्र सायंकाळी उमलतात. तेथे ती मिटलेली वेळ साधावी. शेजारी मधपेट्या असल्यास मालकास आदल्या दिवशी कळवावे. उन्हाळ्यात उथळ परळात खडे घालून पाणी ठेवावे, म्हणजे माश्या बुडणार नाहीत.

सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत घर करते व पेटीतही पाळता येते. तिचे पोळे जाळू नये. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

तात्पुरता उपाय

मधमाश्या येऊ लागेपर्यंत हाती असलेले पीक वाचविता येते. सकाळी ताजे नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात व परागाचा भाग उमललेल्या मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. लहान मळ्यात घरची माणसे हे काम सहज करू शकतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका मळ्यात हे करून दाखवावे. तसेच जवळजवळ उमललेल्या दहा मादीफुलांना दोरा बांधून, पाचांस हाताने पराग द्यावा व पाच तशीच सोडावीत. आठवड्याने किती फळे धरली ते शेतकऱ्यांनी स्वतःच मोजावे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पुरावा शेतकऱ्यास शंभर उपदेशांहून अधिक पटतो.