शेवटचा सामना पोरांच्या ताब्यात

कुणकेश्वर, कातवण, मिठमुंबरी या कोकणातल्या गावांतली बारा-तेरा वर्षांची मुलं थंडीपासून वाळूवर फुटबॉल खेळत असतील, तर त्यांचा हंगाम कधी संपणार हे ठरवायला कोणी लागत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो आणि किनारा खेळण्याजोगा राहत नाही. त्याआधी, मे महिन्यात, एक शेवटचा सामना ठेवावा आणि तो अथपासून इतिपर्यंत मुलांनीच चालवावा. संघ त्यांनी पाडायचे, नियम त्यांनी ठरवायचे, बदली खेळाडू त्यांनी उतरवायचे, फाऊलही त्यांनीच द्यायचा. हंगामभर प्रशिक्षकाने जे शिकवलं, त्यातलं मुलांचं स्वतःचं किती झालं, हे अशा सामन्यात जितकं दिसतं तितकं कुठल्याही स्पर्धेत दिसत नाही.

पंचाशिवाय सामना म्हणजे गोंधळ, अशी पालकांना धास्ती असते. पण इंग्लंडमध्ये १८९१पर्यंत मुख्य पंच मैदानाच्या आत नसायचाच. प्रत्येक संघाचा एकेक अंपायर असे, आणि त्यांचं एकमत झालं नाही तरच बाहेरच्या पंचाला विचारलं जाई. त्याच्याही आधी दोन कप्तान आपसात बोलून वाद मिटवत. कोलंबियातल्या मेडेलिन शहरात हीच रीत वेगळ्या कारणाने परत आली. १९९४च्या विश्वचषकात ज्याच्याकडून स्वयंगोल झाला, त्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा मायदेशी परतल्यावर खून झाला. त्यानंतर युर्गन ग्रिसबेक या जर्मन माणसाने तिथल्या वस्त्यांत बिनपंचाचे, मुलामुलींचे एकत्र सामने सुरू केले. संघाचा पहिला गोल मुलीने करायचा, असा त्यात नियम होता. पुढे ही पद्धत ‘फुटबॉल थ्री’ म्हणून जगभर गेली. सामन्याचे तीन भाग: आधी बोलणं, मग खेळ, मग पुन्हा बोलणं. आपल्याकडे नागपुरात विजय बारसे यांनी २००१पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं. अशा कामांतून एक गोष्ट पुरेशी सिद्ध झाली आहे. विश्वास टाकला तर मुलं तो पेलतात.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पहिला निर्णय दिवसाचा, आणि हा मात्र मोठ्यांनी घ्यायचा, कारण इथे समुद्राचा प्रश्न आहे. कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अमावास्येलाही तेच. शिवाय या उधाणाच्या दिवसांत पाणी दूर जातं, त्यामुळे ओली, घट्ट, सपाट वाळू भरपूर मिळते. उलट अष्टमीला भरतीच सहाला येते, म्हणजे संध्याकाळी मैदानच नसतं. म्हणून मेमधली पौर्णिमा किंवा अमावास्या धरावी आणि साडेचारला सुरुवात करावी. ऊन उतरलेलं असतं, आणि ओहोटीच्या टोकाला तासभर पाणी फारसं हलत नाही. नेमकी वेळ रापण ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारून घ्यावी. जागाही त्यांच्याशी बोलूनच ठरवावी, म्हणजे होड्या आणि जाळी मध्ये येणार नाहीत. कुणकेश्वरच्या देवळासमोरची गर्दी टाळून जरा पुढे सरकलेलं बरं.

मैदान मुलं आखतात. अधिकृत बीच सॉकरचं मैदान ३५ ते ३७ मीटर लांब आणि २६ ते २८ मीटर रुंद असतं, पण ते पाच-पाच जणांसाठी. सात-सात खेळायचे तर पावलं मोजून लांबी पन्नास मीटरपर्यंत न्यावी. रेघा काठीने, गोलपोस्ट बांबूचे. खेळायचं अनवाणी, म्हणून आखण्याआधी सगळ्यांनी एका ओळीत चालत शिंपले, काचा, गळ वेचून घ्यायचे. हे काम टाळू नये.

संघ पाडण्याची पद्धत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कप्तानांनी एकेक नाव पुकारलं, की शेवटी उरलेल्या मुलाला आपली किंमत सगळ्यांसमोर कळते. आपल्या गावांत यावर फार सुंदर तोड आहे. दोन कप्तान एका बाजूला उभे राहतात. बाकीचे आपापल्या जोड्या लावतात, लांब जाऊन गुपचूप नावं घेतात आणि गळ्यात हात टाकून येतात: ‘सूर्य व्हयो की चंद्र?’ कप्तान सूर्य मागतो, तर सूर्य त्याचा. यात कोणीच नको असलेला उरत नाही. आणि जोडी बरोबरीच्याशीच लावायची असते, त्यामुळे संघही समतोल होतात. कोण कोणाच्या तोडीचा, हे मुलांना प्रशिक्षकापेक्षा बारकाईने माहीत असतं. मे महिन्यात मुंबईहून आलेली चाकरमान्यांची मुलंही अशीच जोडीतून आत येतात. कप्तान मात्र आठवडाभर आधी चिठ्ठीवर मत घेऊन निवडावेत.

समजा सोळा जण आहेत: दोन कप्तान आणि सात जोड्या. प्रत्येक संघात आठ, त्यातले सात आत आणि एक बाहेर. दहा-दहा मिनिटांचे चार डाव ठेवले आणि दर पाच मिनिटांनी बदली केली, तर चाळीस मिनिटांत प्रत्येक जण बरोबर एकदाच बाहेर बसतो. हा तक्ता कप्तानांनी आदल्या दिवशी वहीत लिहायचा. ‘माका खेळूकच गावूक नाय’ ही तक्रार मग उरत नाही. बाहेर बसलेल्या दोघांपैकी एकाकडे घड्याळ, दुसऱ्याकडे वही. प्रत्येक डावानंतर पाणी नाहीतर कोकम सरबत, आणि गोलरक्षकही तेव्हाच बदलायचा.

सामन्याआधी सगळे वाळूवर गोल करून बसतात. हा पहिला भाग. फुटबॉलचे ठरलेले नियम आहेतच, त्यात मुलांनी स्वतःचे तीन जोडायचे, तीनच. जास्त झाले तर लक्षात राहत नाहीत. उदाहरणार्थ: गोल मारण्याआधी चेंडू निदान तिघांच्या पायाला लागलेला हवा, पडलेल्याला ज्याने पाडलं त्यानेच उठवायचं, पाण्यात गेलेला चेंडू ज्याच्या पायावरून गेला त्यानेच आणायचा, तोही गुडघाभर पाण्यापर्यंतच. शेवटच्या नियमातली मर्यादा मोठ्यांनी घालून द्यावी.

वादाचं काय? ज्याला फाऊल वाटला त्याने हात वर करायचा. खेळ थांबतो, समोरचा ‘हो’ म्हणाला तर फ्री किक. नाही म्हणाला तर दोन्ही कप्तान बोलतात, आणि घड्याळवाला तीस सेकंद मोजतो. तेवढ्यात मिटलं नाही तर ज्याच्याकडे आधी चेंडू होता त्याला परत देऊन खेळ पुढे चालू. अल्टिमेट फ्रिस्बीचे जागतिक सामनेही खेळाडूंच्याच निर्णयावर चालतात, आणि वाद मिटला नाही तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी हात वर होतील. होऊ द्यावेत. थांबून थांबून मुलांनाच कंटाळा येतो आणि दुसऱ्या डावापासून खोटे हात कमी होतात.

खरी परीक्षा प्रशिक्षकाची. त्याने पालकांबरोबर बसायचं आणि गप्प राहायचं. डावा पाय वापर, मागे ये, पास दे, यातलं काहीही नाही. एकदा ओरडलं की मुलं पुन्हा त्याच्याकडे बघून खेळू लागतात आणि सगळी मांडणी मोडते. पालकांनाही हेच आधी सांगावं. टाळ्या दोन्ही संघांना, सूचना कोणालाही नाहीत. उठायचं ते फक्त चार कारणांनी: डोक्याला मार, रक्त, पाण्यात खोल गेलेलं मूल, आणि वीज. डोक्याला मार बसलेलं मूल त्या दिवशी परत खेळत नाही, त्याने कितीही हट्ट केला तरी. मेच्या अखेरीस वळवाचे ढग अचानक येतात. गडगडाट ऐकू आला की किनारा सोडून पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतायचं नाही.

खेळ संपला की तिसरा भाग. पुन्हा गोल करून बसायचं. आपले तीन नियम पाळले गेले का, यावर प्रत्येक संघ समोरच्या संघाला शून्य ते तीन गुण देतो आणि कारण सांगतो. हे गुण गोलांच्या निकालात मिळवायचे. जिंकलेला संघ इथे मागे पडू शकतो, आणि पडलाच तर तो निकाल बदलायचा नाही. प्रशिक्षकाने या वेळी फक्त एक प्रश्न विचारावा: तुम्ही एकमेकांना न सांगताच काय सांभाळून घेतलंत? उत्तराला वेळ लागला तरी आपण ते पुरवू नये.

मग मुलांनी बांबू काढायचे, बाटल्या आणि कचरा गोळा करायचा. वहीत संघ, निकाल, तीन नियम आणि त्यातला कुठला जमला नाही, एवढं लिहून ती पुढच्या हंगामात खेळणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी. पावसानंतर वाळू पुन्हा बसली, की पहिल्या सरावाची तिथी त्यांनीच काढावी.