जादा गिअरचा खर्च : टक्के पाहू नका, किलोमीटर मोजा

माल पोहोचवण्यासाठी स्वतःची गाडी ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला डिझेलचा खर्च रोज सलतो. त्यामुळे गॅरेजमध्ये कोणी "जुन्या गाडीला ओव्हरड्राइव्ह बसवा, डिझेल वाचेल" असे म्हटले की आपले कान टवकारतात. सल्ला खोटा नसतो, पण तो प्रत्येक गाडीला आणि प्रत्येक धंद्याला लागू पडत नाही. रक्कम मोठी असल्याने आधी हिशेब मांडणे जरुरीचे आहे.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय?

चार गिअरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत वरचा गिअर 'डायरेक्ट' असतो. इंजिनाचा एक फेरा झाला की प्रोपेलर शाफ्टचाही एकच फेरा होतो. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनाच्या एका फेऱ्यात शाफ्ट एकापेक्षा जास्त फिरतो. म्हणजे वेग तोच राहतो आणि इंजिन कमी फिरते.

आपल्या यंत्रमागवाल्या बांधवांना हे लगेच समजेल. मोटरवरची पुली मोठी केली की माग जलद चालतो, पण त्यामुळे मोटरची ताकद वाढत नाही. उलट तिच्यावर भार वाढतो. गाडीतही नेमके हेच घडते.

गिअरबॉक्सच्या मागे जोडण्याचे वेगळे युनिट ब्रिटनमध्ये एडगर डी नॉर्मनव्हिल यांच्या रचनेवरून शेफील्डच्या लेकॉक कंपनीने बनवले. 1948 पासून ते स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीत आले. अमेरिकेतील गिअर व्हेंडर्स कंपनीचे याच जातीचे युनिट पिकअप आणि मोटरहोमसाठी विकले जाते. त्याचे प्रमाण सुमारे 0.78 आहे, म्हणजे इंजिनाचे फेरे 22 टक्क्यांनी कमी होतात. किंमत काही हजार डॉलर पडते. आपल्याकडे असे युनिट मागवण्यापेक्षा गिअरबॉक्सच बदलण्याची रीत जास्त आहे. जुन्या चार गिअरच्या महिंद्रा जीपला पाच गिअरचा बॉक्स बसवतात तो हाच प्रकार. वस्तू वेगळी असली तरी हिशेब एकच.

एक खबरदारी घ्यावी. गिअर पाच असले म्हणजे ओव्हरड्राइव्ह असतोच असे नाही. पाचव्या गिअरचे प्रमाण 1.00 असेल तर तोही डायरेक्टच. मिस्त्रीला प्रमाण विचारा. ते एकाहून कमी असेल तरच पुढचे बोलणे.

22 टक्के फेरे कमी, मग डिझेलही तेवढे कमी?

नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. वारा कापायला आणि माल ओढायला जी ताकद लागते ती तेवढीच राहते. वाचते ते मुख्यतः इंजिनाच्या आतल्या घर्षणात जाणारे डिझेल. म्हणून खरी बचत 22 टक्क्यांच्या बरीच खाली राहते, आणि तीही वरचा गिअर लागलेला असेल तेवढ्याच अंतरापुरती.

समजा, गाडीच्या मागच्या अॅक्सलचे प्रमाण 4.8 आहे आणि टायरच्या एका फेऱ्यात ती 2.2 मीटर जाते. ताशी 60 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 2,180 फेरे घेईल. ओव्हरड्राइव्हमध्ये ते सुमारे 1,700 होतील. आता गाडीच्या पुस्तकात पाहा, इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क किती फेऱ्यांवर आहे. 1,700 फेऱ्यांवर भरलेली गाडी कण्हत असेल तर ड्रायव्हर पुन्हा खालचा गिअर टाकणार. मग जादा गिअर नुसता शोभेचा.

हिशेब असा मांडा

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले आकडे घालून पाहावे. गाडी लिटरला 10 किलोमीटर जाते, डिझेल 90 रुपये, वरच्या गिअरमध्ये बचत 8 टक्के आणि सर्व मिळून खर्च 60,000 रुपये धरू. किलोमीटरला डिझेल 9 रुपयांचे लागते, म्हणून बचत झाली 72 पैसे. 60,000 रुपये वसूल व्हायला ओव्हरड्राइव्हमध्येच सुमारे 83,000 किलोमीटर धावावे लागेल.

वर्षाला 60,000 किलोमीटर धावणारी आणि त्यातले 45,000 सपाट महामार्गावर धावणारी गाडी पावणेदोन-दोन वर्षांत पैसे फेडील. वर्षाला 30,000 धावून निम्मेच अंतर त्या गिअरमध्ये जाणाऱ्या गाडीला साडेपाच वर्षे लागतील. आणि जिचे फक्त 6,000 किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर जातात तिला जवळजवळ चौदा वर्षे. जुनी गाडी एवढी टिकेल काय?

मालेगावहून भिवंडीला कापड नेणाऱ्याने रस्ता आठवून पाहावा. राहुडचा घाट, नाशिकची रहदारी, कसाऱ्याचा घाट, भिवंडीतली कोंडी. एवढे वजा करून उरते तेच अंतर हिशेबात धरायचे. गल्लीबोळात गाठी पोहोचवणाऱ्या टेम्पोला तर या गिअरचा काहीच उपयोग नाही.

खर्चात फक्त वस्तूची किंमत धरू नका. शाफ्ट कापून बॅलन्स करणे, माउंटिंग, मजुरी आणि गाडी उभी राहिलेल्या दिवसांचे भाडेही त्यात येते. शिवाय तीच रक्कम मालात फिरली असती तर वर्षात काय दिले असते, हेही व्यापाऱ्याने विचारलेच पाहिजे. दुसरी बाजूही सांगायला हवी. इंजिन कमी फिरल्याने आवाज आणि झीज कमी होते आणि लांब पल्ल्यावर ड्रायव्हर कमी थकतो.

फुकटचा उपाय आधी

ताशी 75 ऐवजी 60 ने गाडी चालवली तर इंजिनाचे फेरे 20 टक्के कमी होतात, म्हणजे जवळजवळ ओव्हरड्राइव्हइतकेच. त्यावर हवेचा रोध 36 टक्के कमी होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 200 किलोमीटरच्या फेरीला 40 मिनिटे जास्त लागतील, पण खिशातून एक पैसा जाणार नाही. हा प्रयोग महिनाभर करावा. दर वेळी टाकी काठोकाठ भरून लिटर आणि किलोमीटर वहीत लिहावेत. सपाट रस्ता, घाट आणि शहर यांचे किलोमीटर वेगळे मांडावेत. टायरची हवाही नियमित तपासावी.

कायद्याकडे दुर्लक्ष नको

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडकपणे लावले आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर दावा अडकला तर वाचवलेल्या डिझेलचा काय उपयोग?

सारांश एवढाच. गाडी लांब पल्ल्याची, रस्ता सपाट, माल हलका आणि इंजिनात ताकद शिल्लक असेल तर हा खर्च फळ देतो. यातली एक गोष्ट जरी कमी असली तरी आधी वही उघडावी आणि मगच थैली. विकणारा टक्के सांगेल. किलोमीटर आपले आपणच मोजायचे आहेत.