खालून वर वाचायची गोष्ट

राक्षसांचा राजा मेला, राज्यात आनंदीआनंद झाला, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. आपल्या बहुतेक गोष्टी इथे थांबतात. ‘फ्रीरेन’ ही जपानी चित्रकथा नेमकी इथे सुरू होते. दहा वर्षांची मोहीम फत्ते करून चौघे जण राजधानीत परततात: हिम्मेल हा वीर, एक पुरोहित, एक ठेंगणा योद्धा आणि फ्रीरेन ही जादूगारीण. एकमेकांचा निरोप घेऊन ते आपापल्या वाटेने जातात. पन्नास वर्षांनी फ्रीरेन परत भेटायला येते, तेव्हा हिम्मेलच्या डोक्यावर एक केस उरलेला नसतो. थोड्याच पानांनंतर त्याची अंत्ययात्रा निघते. नायक गेला आणि गोष्टीचा अजून श्रीगणेशाच झालेला आहे!

फ्रीरेन हजार वर्षांहून अधिक जगलेली आहे, म्हणून तिला दहा वर्षं म्हणजे एखादी दुपार वाटते. या माणसाला जाणून घ्यायचं राहूनच गेलं, हे तिला त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी कळतं आणि ती रडू लागते. पुढची सगळी कथा म्हणजे त्याच जुन्या रस्त्याने तिने पुन्हा केलेला प्रवास. कानेहितो यामादा यांनी लिहिलेली आणि त्सुकासा आबे यांनी चितारलेली ही मांगा २०२०च्या एप्रिलमध्ये ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिला ‘मांगा ताइशो’ हा मानाचा पुरस्कार मिळाला.

यात नवल काय, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. १९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा व्हिडिओ गेम आला. त्यातली पात्रं चितारणारे अकिरा तोरियामा म्हणजे ‘ड्रॅगन बॉल’चे जनक. निवडलेला वीर, सोबत योद्धा, जादूगार आणि पुरोहित, आणि शेवटी महाराक्षसाशी लढाई, हा साचा या गेम-मालिकेने जपानच्या दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात पक्का बसवला. साचा एवढा ओळखीचा झाला की चित्रकथाकारांना तो उलटवून बघायची मोकळीक मिळाली. राक्षस मारायचा, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग त्या माणसाला वीर म्हणायचं ते नक्की कशासाठी?

‘फ्रीरेन’मध्ये याचं एक फार मजेदार उत्तर आहे. एका गावात दगडात रुतलेली तलवार असते आणि खरा वीरच ती उपसू शकेल अशी श्रद्धा असते. हिम्मेलने ती उपसली आणि राक्षसराजाला मारलं, असं जग मानतं. प्रत्यक्षात तलवार जागची हललेलीच नाही, अजून तिथेच रुतलेली आहे. हिम्मेलला ती उपसता आली नव्हती. तो तिथून निघाला तो हसत, आणि राक्षसराजाला त्याने मारलं ते एका नकली तलवारीने. दैवाने नापास केलेल्या माणसाने काम मात्र करून दाखवलं. मला या अख्ख्या मांगेतला सगळ्यात धीट प्रसंग हाच वाटतो, कारण तो ‘नियतीने निवडलेला नायक’ ही कल्पनाच मुळातून काढून टाकतो.

आता पुतळे. हिम्मेलला स्वतःचे पुतळे उभारून घ्यायचा भारी सोस. कसं उभं राहायचं हे ठरवण्यात तो इतका वेळ काढतो की सोबतचे कंटाळून जातात. आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्या भाऊ-दादांची आठवण व्हावी असं ते प्रकरण आहे. कारण मात्र वेगळं निघतं. आपण तिघे मरून जाऊ, फ्रीरेन मागे उरेल, तेव्हा तिला एकटं वाटू नये, म्हणून त्याने गावोगाव आपला चेहरा पेरून ठेवलेला असतो. पुतळा विजयाचा नव्हे, सोबतीचा.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. मेलेल्या वीराला गावोगाव दगडात उभं करण्याची रीत आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रात देवळाच्या आवारात, वेशीवर, पाराखाली वीरगळ सापडतात. आणि वीरगळ ही अक्षरशः चित्रकथा आहे. शिळेवर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, वीरगळ खालून वर. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, बऱ्याच ठिकाणी शेजारी गाईगुरं. म्हणजे गावाचं गोधन पळवायला आलेल्यांशी झुंजताना हा गेला. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. आणखी वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो याची कीर्ती राहो. संवादाचा फुगा नाही, निवेदनाची पट्टी नाही, तरी गोष्ट कळते.

ठाणे-मुंबईच्या परिसरात याचा सर्वांत थरारक नमुना बोरिवलीजवळ एकसरला आहे. तिथल्या वीरगळांवर चक्क आरमारी लढाई कोरली आहे: ओळीने चालून येणारी गलबतं, वल्ही मारणारे खलाशी, त्यावर चढाई, आणि वरच्या चौकटींत कैलास. ही लढाई कोणती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात जी झुंज झाली, ती ही असावी, असं अनेक जण मानतात. त्या झुंजीत सोमेश्वर समुद्रात बुडाला. लढाई कोणतीही असो, गलबतांवरच्या त्या माणसांची नावं आज कुणालाच सांगता येत नाहीत. ‘फ्रीरेन’मध्येही असेच जुने पुतळे भेटतात. जगाला वाचवणाऱ्यांचेच ते पुतळे, पण नाव आणि पराक्रम दोन्ही लोकांच्या स्मृतीतून गेलेले.

भिवंडी तालुक्यात आठवण ठेवायची आणखी एक तऱ्हा दिसते. तिथे वज्रेश्वरी देवीचं ठाणं आहे. इंद्राने ऋषींवर वज्र फेकलं आणि देवीने ते गिळून टाकलं, अशी तिची कथा. कुठल्याही मांगाकाराला हेवा वाटावा असं हे दृश्य आहे: जगातलं सर्वात जहाल शस्त्र आणि ते परतवणारी नव्हे, पचवणारी नायिका. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी हिला नवस बोलला होता, असं सांगतात. १७३९ साली वसई पडली आणि देवीचं किल्ल्यासारखं देऊळ उभं राहिलं. जिंकलेल्या सेनापतीने आपली मूर्ती घडवली नाही, देवीची जागा बांधली. हिम्मेलच्या अगदी उलट रीत, तरी दोन्हीकडे दगडात घडवलंय ते दुसऱ्या कुणासाठी.

सगळेच जपानी कथाकार इतके हळवे नाहीत. ‘वन पीस’ ही एइइचिरो ओदा यांची मांगा १९९७पासून चालू आहे. तिच्यातला लुफी तर वीर व्हायलाच नकार देतो. त्याचं गणित सरळ: वीर माणूस आपल्याकडचं मटण लोकांत वाटतो, आणि याला ते सगळं स्वतःच खायचं आहे. पुढे हाच गडी देशच्या देश मोकळे करत सुटतो, ती गोष्ट निराळी. ‘अटॅक ऑन टायटन’ (२००९ ते २०२१) याच्या दुसऱ्या टोकाला जाते. आपल्या लोकांना वाचवायला निघालेला एरेन शेवटी जगाचाच संहार मांडतो. ज्याला वाचकाने वर्षानुवर्षं शाबासकी दिली, त्याच्याकडे बघताना वाचकाला स्वतःचीच भीती वाटू लागते. महाभारत वाचलेल्याला हे अवघड जाऊ नये, अश्वत्थाम्याची रात्र आपल्याला माहीत आहे.

आणि मग तांजिरो. भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या गावातला नववीतला मुलगाही ‘डीमन स्लेयर’ मोबाईलवर बघू शकतो. कोयोहारू गोतोगे यांच्या या मांगेचा (२०१६ ते २०२०) नायक डोंगरात राहणारा, कोळसा विकून घर चालवणारा पोरगा आहे. ठाणे-रायगडच्या कातकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबून काढल्या. त्यांच्यातल्या पोराला नायक केलेली मराठी अद्भुतकथा मी तरी वाचलेली नाही. तांजिरोच्या घरातली माणसं राक्षसाने मारलेली असतात. तरी एखाद्या राक्षसाचं मस्तक उडवल्यावर तो विरघळू लागतो, तेव्हा तांजिरो त्याचा हात धरतो, कारण तो राक्षसही कधीतरी माणूस होता.

याच मालिकेतला रेंगोकू आगगाडीतल्या दोनशे प्रवाशांसाठी लढतो आणि जीव गमावतो. शत्रू त्याच्या हातून निसटतो. जुन्या हिशेबाने हा पराभवच. पण प्रवाशांपैकी एकही दगावत नाही, आणि पळून चाललेल्या राक्षसाच्या पाठीमागे तांजिरो रडत-ओरडत सांगत राहतो की जिंकला तो रेंगोकूच. याच प्रसंगावरचा चित्रपट २०२० साली आला आणि त्याने जपानमधले कमाईचे सगळे विक्रम मोडले. गुरं वाचवताना मेलेल्या माणसाची शिळा वेशीवर रोवणाऱ्या गावाला तांजिरोचा हा दावा समजावून सांगावा लागला नसता.