अमेरिकेतला उद्यान-पास : बुजुर्ग सोबत असतील तर गाडीतल्या सगळ्यांना प्रवेश

आपल्यापैकी पुष्कळ घरांत आता एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे. नोकरीसाठी गेले, तिथेच स्थायिक झाले, नागरिक झाले आणि मग अम्मी-अब्बांना बोलावून घेतलं. एकवीस वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकाला आपल्या आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे साठी ओलांडल्यावर तिथे राहायला गेलेले बुजुर्ग आपल्या ओळखीत सापडतातच.

त्यांच्याशी फोनवर बोललं की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. घर चांगलं आहे, मुलं काळजी घेतात, पण दिवस जात नाही. गाडी चालवता येत नाही, शेजारी बोलायला कुणी नाही. सुट्टीच्या दिवशी मुलं बाहेर निघाली की हेच म्हणतात, "तुम्ही जा बेटा, आमचं तिकीट कशाला वाढवता?" घरात कुणी दिव्यांग असेल तर हेच वाक्य आणखी लवकर येतं.

आजचा विषय या वाक्याशी जोडलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी जे पास आहेत, त्यांचा नियम नेमका उलटा आहे. बुजुर्ग सोबत आले तर तिकीट वाढत नाही, बहुतेक ठिकाणी सगळ्या गाडीचं तिकीट माफ होतं. ही माहिती अनेक घरांत पोहोचलेलीच नसते, म्हणून आम्ही ती इथे नीट मांडत आहोत. तिकडच्या नातेवाइकांना जरूर पाठवा.

पास कोणते आणि कुणाला

अमेरिकेत केंद्र सरकारच्या उद्यानांसाठी 'अमेरिका द ब्युटिफुल' नावाची पासची मालिका आहे. राष्ट्रीय उद्यानं, राष्ट्रीय वनं, वन्यजीव आश्रयस्थानं, धरणांच्या तलावाकाठच्या जागा अशा २,००० हून जास्त ठिकाणी हे पास चालतात. या जागा सहा वेगवेगळ्या सरकारी खात्यांकडे आहेत, पण पास एकच.

या मालिकेतले दोन पास आपल्या कामाचे.

पहिला सीनियर पास. वय ६२ पूर्ण असावं आणि माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक असावा. एक वर्षाचा पास २० डॉलरला आणि आयुष्यभराचा ८० डॉलरला मिळतो. पूर्वी आयुष्यभराचा पास फक्त १० डॉलरला होता, २८ ऑगस्ट २०१७ पासून तो ८० झाला. एकदम ८० डॉलर काढायचे नसतील तर दरवर्षी २० चा पास घ्यावा. असे चार वार्षिक पास जमले की ते देऊन आयुष्यभराचा पास घेता येतो. म्हणजे हप्त्याने घेतल्यासारखंच झालं.

दुसरा ॲक्सेस पास. हा कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्या नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. वयाची अट नाही, लहान मुलाच्या नावानेही मिळतो. तो आयुष्यभराचा आहे आणि उद्यानात जाऊन घेतला तर पूर्ण मोफत आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे अपंगत्व म्हटलं की टक्केवारी आठवते, ४० टक्के आहे की नाही, सर्टिफिकेटवर आकडा किती. ॲक्सेस पाससाठी अपंगत्व शंभर टक्के असण्याची गरज नाही. ते कायमचं असावं आणि त्यामुळे चालणं, पाहणं, ऐकणं, बोलणं, श्वास घेणं, शिकणं, काम करणं, स्वतःची काळजी घेणं यांपैकी एखाद्या मूलभूत गोष्टीत मोठी अडचण येत असावी. शारीरिक, मानसिक किंवा इंद्रियांचं, कुठलंही अपंगत्व यात बसतं. पाय मोडून दोन महिने प्लास्टर आहे, तर त्यावर पास मिळणार नाही.

गाडीतल्या सगळ्यांना कसा लाभ होतो

आता मुख्य मुद्दा. आपल्या एस.टी.चं उदाहरण घ्या. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, आणि २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास. चांगली योजना आहे, पण सवलत त्या एका माणसाची. सोबतच्या नातवाला आपलं तिकीट काढावंच लागतं.

अमेरिकन उद्यानांत बहुतेक ठिकाणी प्रवेश शुल्क माणशी नसून गाडीमागे असतं. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी अशा मोठ्या उद्यानांत एका खासगी गाडीला ३५ डॉलर, आणि ते काही दिवस चालतं. गाडीत पासधारक बसलेला असेल तर त्या गाडीचं शुल्क माफ. मग मागे मुलगा, सून, नातवंडं कितीही असोत.

जिथे शुल्क माणशी आहे, तिथे पासधारक आणि सोबतची तीन मोठी माणसं मोफत जातात. १६ वर्षांखालच्या मुलांना तर तसंही शुल्क नाही.

हिशेब सोपा आहे. एका उन्हाळ्यात ३५ डॉलरवाली तीन उद्यानं पाहिली तर १०५ डॉलर होतात. ८० डॉलरचा आजन्म पास पहिल्याच सहलीत वसूल. घरात बुजुर्ग असले की बरकत असते असं आपण म्हणतो. इथे ती बरकत तिकिटाच्या खिडकीवर दिसते!

मुक्कामाची सवलत

मुक्कामासाठी उद्यानांत कॅम्पग्राउंड असतात. म्हणजे तंबू ठोकून किंवा गाडी लावून रात्र काढायची आखलेली जागा. साधारणपणे टेबल-बाक असतात आणि चूल पेटवायला लोखंडी कडं असतं. आपल्या कुटुंबांना ही सोय फार उपयोगी आहे, कारण हलाल जेवणासाठी हॉटेल शोधत फिरावं लागत नाही. घरून मसाला लावून नेलेलं चिकन तिथेच भाजायचं.

सीनियर आणि ॲक्सेस, दोन्ही पासांवर अनेक कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं होतं. रात्रीचे ३० डॉलर असतील तर १५ द्यायचे. काही ठिकाणी पोहणं, होडी पाण्यात सोडणं, मार्गदर्शकासोबतची फेरी यांवरही अशीच सवलत मिळते. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर होतं. तिथे पासचा नंबर टाकला की दर कमी होतो, आणि पोहोचल्यावर पास दाखवावा लागतो. व्हीलचेअरवाल्यांसाठी सोयीच्या जागा साइटवर वेगळ्या दाखवलेल्या असतात, त्या लवकर बुक कराव्यात.

मात्र काही मर्यादा लक्षात ठेवा. निम्मं भाडं फक्त त्या एका जागेचं, जिथे पासधारक स्वतः राहणार आहे. दोन कुटुंबांनी शेजारी-शेजारी दोन जागा घेतल्या तर दुसरीचे पूर्ण पैसे. उद्यानाच्या आत खासगी कंपनी चालवत असलेली हॉटेलं, बसफेऱ्या, काही कॅम्पग्राउंड यांना ही सवलत बांधील नाही. बुक करण्याआधी विचारून घ्यावं.

पास कुठे चालत नाही

राज्य सरकारांची उद्यानं वेगळी. तिथे केंद्राचा पास दाखवून उपयोग नाही, प्रत्येक राज्याचे नियम आपले आपले. न्यूयॉर्क राज्यात तिथल्या ६२ वर्षांवरच्या रहिवाशांना सणाच्या सुट्ट्या सोडून सोमवार ते शुक्रवार राज्य उद्यानांत गाडीसह मोफत प्रवेश आहे, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र दाखवलं की झालं. कॅलिफोर्नियात दिव्यांगांसाठी स्वतंत्र सवलत पास आहे. आपले लोक ज्या राज्यात राहतात त्या राज्याच्या उद्यान खात्याची साइट एकदा पाहावीच.

काही ठिकाणी प्रवेश मुळात मोफत असतो, पण गाडी उभी करायला पैसे लागतात. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये प्रवेश शुल्क नाही, पण २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी लावायची तर पार्किंग टॅग घ्यावा लागतो. त्यावर सीनियर किंवा ॲक्सेस पासची सवलत नाही.

व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांसाठी

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा लिहितो, कारण गोंधळ इथेच होतो. सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेलेल्या अम्मी-अब्बांना वय ७० असलं तरी सीनियर पास मिळत नाही. वयासोबत नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवंच. ॲक्सेस पासचंही तसंच.

शिवाय १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचे दर वाढले आहेत. अमेरिकेत न राहणाऱ्यांना वार्षिक पास २५० डॉलरला आहे. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन यांच्यासह ११ गाजलेल्या उद्यानांत, तो पास नसेल तर १६ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर आणखी १०० डॉलर आहेत. म्हणून घरी भारतातून पाहुणे आले असतील आणि या अकरांपैकी कुठे जायचं असेल, तर निघण्याआधी त्या उद्यानाच्या साइटवर परदेशी पाहुण्यांचा नियम वाचून घ्या. दारावर जाऊन पाचशे डॉलरचा हिशेब ऐकण्यापेक्षा हे बरं, नाही का?

पास काढायचा कसा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पास देणाऱ्या उद्यानाच्या दारावर किंवा माहिती केंद्रात स्वतः जाणं. पास टपालानेही मागवता येतो, पण त्याला प्रक्रियेचा वेगळा खर्च पडतो. ॲक्सेस पास तर जाऊन घेणंच फायद्याचं.

सीनियर पाससाठी वय आणि रहिवास सिद्ध करणारं कागदपत्र लागतं. ग्रीन कार्डावर दोन्ही गोष्टी असतात, त्यामुळे एकाच कार्डात काम होतं.

ॲक्सेस पाससाठी त्याशिवाय अपंगत्वाचा पुरावा लागतो. डॉक्टरांचं सहीचं पत्र चालतं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : अपंगत्व कायमचं आहे, ते कोणत्या प्रकारचं आहे आणि त्यामुळे कोणत्या मूलभूत कामात मोठी अडचण येते. सोशल सिक्युरिटीकडून अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल तर त्याचं पत्रही चालतं.

पास मिळाल्यावर मागे सही करा आणि जाताना फोटो असलेलं ओळखपत्र सोबत ठेवा. पास हरवला तर बदली मिळत नाही, सीनियर पास पुन्हा विकत घ्यावा लागतो. तेव्हा तो नातवाच्या खेळण्यात जाऊ देऊ नका.

पासधारक गाडीत हवा

पास एका व्यक्तीच्या नावावर असतो आणि ती व्यक्ती हजर असेल तरच चालतो. दारावर कर्मचारी पास आणि ओळखपत्र ताडून पाहतात. अब्बांना घरी ठेवून त्यांचा पास खिशात घालून निघणं हा नियमभंग आहे, आणि आपल्या भाषेत सांगायचं तर खियानत. "त्यांचाच तर आहे, त्यांनीच दिलाय" हे कारण तिथे चालत नाही, आणि चालू नये. सवलत त्यांना घराबाहेर काढण्यासाठी आहे, त्यांचं नाव वापरण्यासाठी नाही.

उलट बाजूने बुजुर्गांनाही आमचं सांगणं आहे. सीनियर पास देताना तुमचं उत्पन्न कुणी विचारत नाही. श्रीमंत असो की गरीब, ६२ वर्षांच्या प्रत्येक रहिवाशाला तो आहे. म्हणून हात पसरल्यासारखं वाटून घेऊ नका. आणि "चालवत नाही, येऊन काय करू" असंही म्हणू नका. ग्रँड कॅन्यनमध्ये मोफत शटल बस आहेत, त्यांत व्हीलचेअर चढते. ज्यांना चालणं अवघड आहे त्यांच्यासाठी वेगळा परवाना मिळतो, तो गाडीत लावला की इतर गाड्यांना बंद असलेल्या रस्त्यावरूनही जाता येतं. काठावरच्या कित्येक जागांपर्यंत सपाट वाट आहे. बाकावर बसून दरी पाहायची, वेळ झाली की मोकळ्या जागेत नमाज पढायची, नातवंडांना गावाकडच्या गोष्टी सांगायच्या, यासाठी डोंगर चढावा लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोन लागला की एवढंच विचारा : अब्बांचं ६२ झालं ना, ग्रीन कार्ड आलं ना, मग पास काढला का? आणि नसेल काढला तर या सुट्टीत त्यांना पुढच्या सीटवर बसवून घेऊन जायला सांगा.