पंचांगातले प्राणी आणि आपला पाऊस

तुमच्या घरच्या कॅलेंडरवर कसलेही चित्र असो, आत नऊ प्राणी असतात बरे का! पंचांग दिलेल्या कॅलेंडरचे जूनचे पान काढा आणि 7-8 तारखेजवळची बारीक अक्षरे वाचा. सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि पुढे 'वाहन' लिहिलेले असते.

हत्ती, बेडूक किंवा म्हैस असेल तर भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर असेल तर मध्यम. कोल्हा, मेंढा आला तर कमी, आणि घोडा आला तर पाऊस डोंगरावर, असे मानतात. बेडकाचे पटते हो, पण गाढवाला तर भिजायला मुळीच आवडत नाही!

वाहन काढायची रीत सोपी आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि 9 ने भागायचे. बाकी 1 उरली तर घोडा, 2 कोल्हा, 3 बेडूक, 4 मेंढा, 5 मोर, 6 उंदीर, 7 म्हैस, 8 गाढव. शून्य उरले की हत्ती. सूर्य मृगात आणि चंद्र हस्तात असेल तर मृगापासून मोजून 9 येतात, म्हणजे हत्ती. एक नक्षत्र साधारण 13-14 दिवस चालते, मग नवे वाहन.

आमचे आजोबा वाहन विचारल्याशिवाय सरकी टोबत नाहीत. पण या गणितात ढग, वारा, समुद्र कुठेच नाही. शिवाय कोकणाला आणि आपल्या मुक्ताईनगरला त्या पंधरवड्यात वाहन एकच असते. तिकडे धो धो पाऊस आणि इकडे पूर्णाकाठी धूळ, असे किती वेळा होते! हत्ती पाहून घाईने पेरले आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे दोनदा. कृषी खाते सांगते की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. मला हे जास्त पटते. आजोबांना अजून नाही.

तरी हे प्राणी मला आवडतात. त्यांच्यामुळे घरातली म्हातारी माणसे आणि आम्ही पोरे एकाच पानावर वाकून बसतो. चीनमध्ये तर अख्ख्या वर्षालाच प्राण्याचे नाव देतात. तिथले 2026 हे घोड्याचे वर्ष.

आता चित्रांची कॅलेंडरे. गोशाळा गाई-वासरांचे कॅलेंडर काढून देणगी देणाऱ्यांना देतात, त्यातून चाऱ्याला हातभार लागतो. वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था वाघ-पक्ष्यांची कॅलेंडरे विकतात. आपल्या तालुक्यातल्या वढोद्याच्या जंगलात वाघ आहे, म्हणून वाघाचे पान मी फाडू देत नाही. बाकीच्या पानांची वह्यांना कव्हरे होतात. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवावी, पाणी लवकर शिरत नाही.

यंदा आम्ही फळ्याशेजारी दोन रकाने आखले आहेत. एकात वाहन, दुसऱ्यात मोजलेला पाऊस. पालकांनी आपल्या शेतावरचा पाऊस मुलांकडे चिठ्ठीवर लिहून द्यावा. गावाचे नाव आणि तारीख विसरू नये.