निलंबन, एसयूव्ही मोटारगाडीतील
मोटारगाडीची चाके व आस यांवर तिचा सांगाडा लवचीकपणे तोलून धरणारी योजना. व्यवहारात हिला सस्पेन्शन म्हणतात. रस्त्याचे धक्के प्रवाशांपर्यंत सौम्य होऊन पोहोचावेत आणि चाकांचा रस्त्याशी असलेला संपर्क सुटू नये, ही तिची दोन कार्ये होत. स्प्रिंगा, धक्काशोषक, जोडदांड्या व टायर हे तिचे प्रमुख घटक आहेत.

गाडीच्या भाराने स्प्रिंग जितकी अधिक दबते, तितके गाडीचे आंदोलन संथ होते. स्प्रिंग १० सेंमी. दबत असल्यास गाडी सेकंदाला सुमारे १·६ वेळा, तर २० सेंमी. दबत असल्यास सुमारे १·१ वेळा वरखाली होते. मानवी शरीराला सेकंदाला ४ ते ८ उभी कंपने सर्वाधिक त्रासदायक वाटतात, तर ०·२ च्या आसपासच्या अतिसंथ हेलकाव्यांनी मळमळते. म्हणून सामान्यतः १ ते १·५ ही कंप्रता पसंत केली जाते. स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा धक्काशोषकातील तेल अरुंद छिद्रांतून जाताना उष्णतेत रूपांतरित होते व आंदोलने शमतात.

कौटुंबिक एसयूव्हीत ही जुळणी विशेष अवघड असते. तिचा गुरुत्वमध्य उंच असल्याने मऊ स्प्रिंगांवर ती वळणावर फार कलते. कल रोखण्यासाठी डावे व उजवे चाक जोडणारी जाड पिळदांडी बसविल्यास एका चाकाखालील खड्ड्याने सारा सांगाडा डोलतो आणि उंचावर बसलेल्या प्रवाशांची डोकी दोन्ही बाजूंना हिंदकळतात. शिवाय सात प्रवासी व सामान यांच्या भारासाठी ताठ केलेल्या स्प्रिंगा एकट्या चालकाला धक्के देतात.

पूर्वीच्या जीपसारख्या गाड्यांत भार पेलणाऱ्या, परंतु ताठ असलेल्या कमानपाट्यांचा वापर होई. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या रेंज रोव्हर गाडीत दोन्ही अखंड आसांवर लांब पल्ल्याच्या मळसूत्री स्प्रिंगा बसविण्यात आल्या. त्यामुळे खडबडीत वाटेवरील प्रवास सुखकर झाला. मात्र वळणावर ती बरीच कले. याच गाडीच्या काही प्रकारांत १९९२ मध्ये इलेक्ट्रॉनीय नियंत्रण असलेल्या हवेच्या स्प्रिंगा आल्या. भार वाढला, तरी हवेचा दाब वाढवून गाडीची उंची त्यांत कायम राखता येते.

प्रवासातील सुख व सुरक्षितता ही परस्परांपासून वेगळी नाहीत. धक्काशोषक झिजल्यास चाक सेकंदाला १० ते १५ वेळा उडू लागते, त्याची रस्त्यावरील पकड कमी होते आणि खडबडीत रस्त्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. धक्काशोषकातून तेल गळणे, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजणे व खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ हलत राहणे ही या झिजेची लक्षणे होत. झीज सावकाश होत असल्याने चालकाला तिची सवय होते. म्हणून निलंबनाची ठरावीक काळाने तपासणी करणे आवश्यक असते.